डोंगर झोपला त्याच्या आधी

शेवटी सिद्रामप्पा गुरुजी झोपले. चांगले घोरत झोपले, आणि म्हणूनच माकणीत तो सिनेमा तयार झाला.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. गुरुजी झोपले नाहीत. त्यांना विचाराल तर ते स्वतःच सांगतील, तेही जरा रागानं. तेव्हा आपण असं धरून चालू की गुरुजी टक्क जागे आहेत, सिनेमाचा अजून पत्ता नाही, आणि मल्लेश त्यांच्या ओट्यासमोर टोपी हातात घेऊन उभा आहे. टोपी त्याची नव्हती. गुरुजींपुढं उभं राहायचं म्हणजे हातात काहीतरी पाहिजे, म्हणून येता येता त्यानं ती कुणाच्या तरी दोरीवरून घेतली होती.

मल्लेश लग्नाचं शूटिंग करायचा. लोहाऱ्यापासून उमरग्यापर्यंत ज्या नवऱ्या सासरी जाताना रडल्या, त्यातल्या बऱ्याच त्याच्या सांगण्यावरून दोनदा रडल्या होत्या. पण त्याच्या डोक्यात लहानपणापासून एक डोंगर होता, आणि तो काही केल्या जागचा हलत नव्हता.

त्याचं असं झालं. गुरुजींनी तरुणपणी मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं, ‘उठ की रं डोंगरा’. आपल्या भागात ज्या घरात ते पुस्तक नाही, त्या घरात पोरं नाहीत असं खुशाल समजावं. पहिलंच वाक्य असं, की एक डोंगर होता आणि तो झोपला होता. मग ढग येतात, झोपलेल्या डोंगराला धडकतात आणि कपाळ चोळत परत जातात. गावात पाणी नाही. शेवटी एक पोरगी ज्वारीचं धाट घेऊन जाते आणि डोंगराच्या तळपायाला गुदगुल्या करते. डोंगर शिंकतो, ढग फुटतात, गोष्ट संपते. सगळी पोरं खूश.

एक सोडून. तिसरीतल्या मल्लेशनं हात वर करून विचारलं होतं, “पण गुरुजी, त्याला झोपवलं कुणी?”

गुरुजींनी दाराकडं बोट केलं. मग म्हणाले, “भाईर लिंबाखाली उभा राहा आन् विचार कर. सापडलं की आत ये.”

शाळा सुटली, पोरं घरी गेली, मल्लेश मोठा झाला, त्याला मिशा आल्या. पण खरं सांगायचं तर तो अजून त्या लिंबाखालून आत आलेला नव्हता.

आता त्याला सापडल्यासारखं वाटत होतं. संगीतमय सिनेमा काढायचा. पुस्तकाच्या आधीची गोष्ट. त्या काळी डोंगर जागा होता, गात होता, आठवड्याच्या बाजारात जाऊन शेंगांचे भाव विचारत होता. जाईल तिथं रस्ता अडायचा, पण लोक समजूतदार होते. आणि मग शेवटी कुणीतरी एक अंगाई म्हणतं आणि डोंगर झोपतो. तिथं सिनेमा संपतो आणि पुस्तक सुरू होतं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. डोंगर बाजाराला जातो यावर त्यांचा आक्षेप नव्हता. ते एवढंच म्हणाले, “अंगाई कुठली?”

“आपली शुभांगी करतीया की गुरुजी. मामाची पोरगी. उमरग्याला शाळेत गाणं शिकवती.”

“मल्लेशा, एक सांगतो. ते पयलं वाक्य माझं न्हाय. ते शरणम्माचं हाय.”

शरणम्मा म्हणजे गुरुजींची बायको. दोन वर्षांपूर्वी वारली. रोज तिन्हीसांजेला ती गल्लीतली पोरं गोळा करून गोष्ट सांगायची. गुरुजी शाळेतून, सोसायटीतून, कुठून कुठून घरी पोचेपर्यंत डोंगर आधीच झोपलेला असायचा. तिथून पुढचं त्यांनी लिहून काढलं. त्याच्या आधी काय झालं, हे त्यांनी तिला आयुष्यभर विचारलं. ती म्हणायची, सांगते की, घाई काय आहे. सांगायला बसायची, दोन वाक्यं सांगायची आणि तिसऱ्या वाक्याच्या मधोमध तिचाच डोळा लागायचा. झोपेतच ‘मलग्री आता’, म्हणजे झोपा आता, एवढं अर्ध्या कानडीत म्हणायची, आणि मग गुरुजीही झोपायचे.

“ती गेली तवापासून माझ्या डोळ्याला डोळा न्हाय,” गुरुजी म्हणाले. “गोळ्या झाल्या, तेल झालं, बदामाचं दूध झालं. तेव्हा माझी अट ऐक. ज्या गाण्यानं डोंगर झोपतो, त्यानं एक म्हातारा झोपायला काय हरकत हाय? मला झोपवून दाखवा, मग काढा सिनेमा.”

“आन् न्हाय झोपलात तर?”

“तर तुमची अंगाई खोटी. खोटी अंगाई पोरांच्या कानावर म्या पडू द्यायचा न्हाय. जा आता. आन् ती टोपी बंडप्पाची हाय, त्याला दे.”

तर अशी ती अट. गुरुजींच्या होकाराशिवाय सिनेमा काढायचं मल्लेशच्या मनात एकदाही आलं नाही. वर्गात न विचारता शिरल्यासारखं झालं असतं ते.

शुभांगी कीबोर्ड घेऊन आली. ओट्यावर बैठक झाली. तिनं पहिली अंगाई म्हटली ती इतकी गोड होती की गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवला. समोरच्या खांबावर चढलेला लाईनमन तिथंच पट्ट्याला टेकून झोपला, आणि त्याला लाईट बंद करायचं सुचलंच नाही म्हणून गावाला त्या दिवशी अखंड वीज मिळाली. कीबोर्डच्या वायरीवर एक सरडा बसल्या जागी झोपला, रंग बदलता बदलता, अर्धा हिरवा आणि अर्धा विटकरी.

गुरुजी म्हणाले, “दुसरं कडवं बरं हाय.”

शुभांगीनं चाल बदलली, पट्टी खाली घेतली. तुळजापूरकडच्या एका संबळवाल्याला बोलावून त्याच्याकडून संबळ इतका हळू वाजवून घेतला की दोन ठोक्यांच्या मध्ये तो चहा पिऊन यायचा. गुरुजी मांडी घालून, डोळे उघडे ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे ऐकत राहिले. एकदा तर शुभांगीला त्यांच्या पापण्या जड झाल्यासारख्या वाटल्या. तिनं मल्लेशला खूण केली. मल्लेशनं श्वास धरला.

“डास हाय डोळ्यात,” गुरुजी म्हणाले.

“दादा,” घरी जाताना शुभांगी म्हणाली, “माझ्या गाण्यानं आख्खी गल्ली झोपती. शाळेत पोरं झोपतात, हेडमास्तर झोपतात. आन् ह्यो माणूस मला कडव्याला मार्क देतो. माझा लई इन्सल्ट झालाय.”

इकडं डोंगराचं काम जोरात होतं. डोंगर म्हणजे बंडप्पा, टोपीवाला. तो मुळातच रुंद होता. मल्लेशनं त्याच्यासाठी सुतळीची पोती एकमेकांना शिवून खांद्यापासून पायापर्यंत डोंगर केला. मग डोंगर हिरवा दिसावा म्हणून पोत्यांना शेणमाती लिंपून त्यावर मेथी पेरली. बंडप्पा जातिवंत शेतकरी. तो रोज सकाळी डोंगर खुंटीवरून काढायचा, उन्हात ठेवायचा, हातानं पाणी शिंपडायचा. मेथी अशी तरारून आली की विचारू नका. तालमीला तो डोंगर अंगावर घालून निघाला की मागं शेळ्या लागायच्या, आणि हे मल्लेशला फार आवडायचं. खऱ्या डोंगराच्या मागंही शेळ्याच असतात, तो म्हणायचा.

पण मेथी काही कुणासाठी थांबत नाही. ती फुलावर आली की डोंगर पिवळा पडणार होता. त्याच्या आधी गुरुजी झोपायला हवे होते आणि झोपेचा प्रसंग कॅमेऱ्यात यायला हवा होता.

त्या प्रसंगासाठी मल्लेशला गाव रिकामं पाहिजे होतं. डोंगराबरोबर सगळं गाव निजलंय, रस्त्यावर चिटपाखरू नाही, असं. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. येळवस! वेळा अमावस्येला आपल्याकडं गावात कोण असतं? घराला कुलूप, दुकानाला कुलूप, सगळे शेतात जेवायला. कडब्याच्या खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील प्यायची, भज्जी खायची. गाव असं रिकामं होतं की एखादं वाट चुकलेलं कुत्रं स्वतःचाच आवाज ऐकून दचकतं.

येळवशीच्या सकाळी मल्लेश कॅमेरा घेऊन चौकात उभा राहिला. गाव अगदी मनासारखं रिकामं होतं. डोंगर नव्हता. सिनेमात अंगाई म्हणणारी बंडप्पाची पोरगी नव्हती. संबळवाला नव्हता. शुभांगी तेवढी कीबोर्ड मांडीवर घेऊन एसटीच्या थांब्यावर बसली होती.

“दादा, बाकीचे कुठायत?”

“शेतात,” मल्लेश म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की आपणही याच गावचे आहोत.

मग निघाले दोघं माणसं गोळा करत. पण येळवशीला कुणाच्या बांधावरून न जेवता पुढं जाता येतं का? पहिल्याच शेतात हाताला धरून बसवलं. बाजरीचा उंडा, भज्जी, वर तांब्याभर आंबील. दुसऱ्या शेतात, “त्यांच्याकडं खाल्लं आन् आमच्याकडं न्हाय व्हय?” तिसऱ्या शेतात खीर. मध्ये एका शेतात संबळवाला भेटला, पण तो कुणाच्या तरी बैलगाडीखाली आधीच झोपला होता, आणि शुभांगीच्या मते त्याचा ताल आजच पहिल्यांदा बरोबर होता. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसांत दाणा भरत आलेला, करडईला कोवळे काटे. ऊन दुधासारखं. आंबिलीची एक गंमत आहे, ती पोटात जाते पण बसते डोळ्यांवर. बंडप्पाचं शेत येईपर्यंत मल्लेशला बांध किंचित वर-खाली होताना दिसत होता, हळू, कुणी झोपेत श्वास घ्यावा तसा.

बंडप्पाचं शेत धरणाच्या पाण्याला लागून. पाण्याच्या पलीकडं बोडका डोंगर, त्याच्या डाव्या खांद्यावर एकच बाभळ. त्या बाभळीखाली मल्लेशनं तालुक्यातली सगळी नवीन जोडपी उभी केलेली. खोपीत गुरुजी पाहुणे म्हणून बसले होते, ताठ. बंडप्पाची सहा वर्षांची पोरगी समृद्धी उंडा खात होती. सिनेमात अंगाई तीच म्हणणार होती. आणि बंडप्पा एका कोपऱ्यात नुसती पोती पांघरून बसला होता. तपकिरी, उघडाबोडका, केविलवाणा.

“डोंगराचं काय झालं?” मल्लेश ओरडला.

बंडप्पानं बायकोकडं बघितलं. तारामतीनं पदर खोचला.

“असं वरडू नगा भावजी. भज्जीला समद्या भाज्या लागतात. तूर घातली, वाटाणा घातला, चाकवत घातला, हरभरा घातला. मेथी कमी पडली. खुंटीला एवढी लसलशीत मेथी आयती लटकलेली. म्या खुडली.”

“वहिनी, तो डोंगर होता!”

“येळवशीच्या भज्जीत मेथी न्हाय म्हणल्यावर लक्षुमीनं काय म्हणायचं? बसा. वाढते.”

मल्लेश बसला. पत्रावळीवर डोंगर आला, गरम, वर तेलाची धार. सगळ्यांनी डोंगर खाल्ला. बंडप्पानं स्वतःला दोनदा वाढून घेतलं. गुरुजींनीही खाल्ला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तरी मीठ बरोबर होतं.

जेवणं झाल्यावर शुभांगी म्हणाली, “आता आलोय तर एकदा म्हणून बघू. शेवटचं. गुरुजी, ऐकता का?”

“ऐकतो की. म्या जागाच हाय.”

मल्लेशनं तिकाटण्यावर कॅमेरा लावला, चालू केला. शुभांगीनं कीबोर्डवर सूर धरला. समृद्धी हात धुऊन उभी राहिली आणि इकडं तिकडं बघायला लागली.

“डोंगर कुठाय?”

“ह्यो काय,” बंडप्पा म्हणाला.

“तुम्ही डोंगर न्हाय पप्पा. तुम्ही पोतं आहात.”

तिनं खोपीत बसलेले सगळे एकेक करून पाहिले. सगळ्यांत उंच, न हलणारा आणि डोक्यावर ढगासारखं पांढरं असलेला एकच होता. ती सरळ जाऊन गुरुजींच्या मांडीवर बसली, पाठ त्यांच्या छातीला टेकली आणि गायला लागली.

पहिलं कडवं झालं. दुसरं कडवं झालं, जे बरं होतं. तिसऱ्याला ती अडखळली. गाणं विसरली म्हणून सांगायलाच लागली, “मग ना, डोंगर म्हणाला, मग ना, ती पोरगी…” आणि त्या वाक्याच्या मधोमध तिची मान गुरुजींच्या दंडावर कलली. झोपली.

शुभांगी पुढची ओळ उचलायला गेली. गुरुजींनी एक बोट वर केलं. वर्गात करायचे तसं. कीबोर्ड थांबला.

शांत झालं. ज्वारीतून वारा जात होता तोही पावलं न वाजवता. गुरुजींच्या पायाला मुंग्या आल्या असणार, कारण त्यांच्या चपलेतला अंगठा एकदा वळवळला. मग तोही थांबला. त्यांनी श्वास बारीक केला. पोरीच्या तोंडावर ऊन येत होतं, तर हात न हलवता, नुसती मान तिरकी करून त्यांनी आपल्या डोक्याची सावली तिच्यावर धरली. आणि तसेच राहिले. तसेच. डोंगर राहतो तसे.

मल्लेशला हाक मारायची होती, पण त्याच्या तोंडात जीभ दगडासारखी गरम आणि जड पडली होती. त्याला सापडलं होतं. डोंगराला कुणी झोपवलंच नव्हतं! गाणारंच कुणीतरी त्याच्या मांडीवर झोपून गेलं, आणि ते उठू नये म्हणून डोंगर हलला नाही. आज हलला नाही, उद्या हलला नाही, आणि मग हलायचंच विसरून गेला. कुणीतरी तिसरीच्या वर्गाचं दार उघडत होतं. मल्लेश लिंबाखालून आत आला. बाकावर त्याची जागा रिकामी होती.

“मलग्री आता,” कुणीतरी म्हणालं. आवाज गुरुजींचा होता की खोपीचा, हे त्याला कळलं नाही. गुरुजींची हनुवटी हळूच पोरीच्या केसांवर टेकली. बंडप्पा झोपला. तारामती हातात पळी धरून झोपली. शुभांगीचं डोकं कीबोर्डवर पडलं आणि एक लांबलचक खालचा सूर तसाच सुरू राहिला. पाच पांडवांपैकी भीम आडवा झाला. आणि पाण्यापलीकडच्या त्या बोडक्या डोंगरानं, हे मल्लेशनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, एक जांभई दिली, पाठ खाजवली आणि सावकाश कूस बदलली. पाण्यावर एक लाट उठली, अलीकडं आली, काठाला टेकली आणि तीही तिथंच झोपली.

जाग आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. गुरुजी ताठ बसले होते. समृद्धी त्यांच्या मांडीवरून उठून उरलेली आंबील पीत होती.

“गुरुजी!” मल्लेश म्हणाला. “तुम्ही झोपला होता!”

“कोण म्हणतं?”

“म्या बघितलं!”

“डोळे मिटून विचार करत होतो.”

“घोरत होता की गुरुजी,” शुभांगी म्हणाली. तिच्या गालावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे वळ उठले होते.

“ती तारामती.”

“अगं बाई!” तारामती म्हणाली. “म्या घोरत न्हाय बरं का. ह्यांना विचारा.”

बंडप्पा पोत्यांची घडी घालायला लागला. त्याला त्याच घरात राहायचं होतं.

कॅमेरा बघितला. पण झोप कॅमेऱ्यालाही लागली होती. तिकाटण्यावर त्याची मान खाली लवंडली होती आणि सगळी दुपार त्यानं आंबिलीचं मडकं टिपलं होतं. घोरणं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं, कुठल्याही अंगाईला शोभेल असं. कुणाचं ते मडक्यानं सांगितलं नाही.

मग मल्लेशनं गुरुजींना आपल्याला काय सापडलं ते सांगितलं. कुणी झोपवलं, आणि कसं कुणीच झोपवलं नाही. गुरुजी ऐकत राहिले. पलीकडच्या पाण्याकडं बघत त्यांनी दोन-तीनदा चष्मा काढला आणि घातला.

“व्हय,” ते म्हणाले. “हेच सांगायला बसायची ती. दर वेळी इथंच तिचा डोळा लागायचा.” मग चष्मा नीट बसवून, “मला वाटायचं ती गोष्ट अर्धी सोडती. ती पुरी करत होती.”

“मग काढू सिनेमा?”

गुरुजी उठले. पाय बधिर झाला होता म्हणून बंडप्पाचा खांदा धरला.

“गोष्ट बरोबर हाय. पण अट ती अट. म्या झोपलो न्हाय.”

तेव्हापासून गुरुजी रोज दुपारी जेवण करून बंडप्पाच्या शेतावर जातात. विचार करायला. खोपीबाहेर चपला काढतात, चष्मा घडी करून खिशात ठेवतात, समृद्धीला गोष्ट सांगायला बसवतात, आणि खोपीतून विचारांचा आवाज बांधापर्यंत येतो. लाईनमनसुद्धा आता तिकडूनच जातो. तोंड टवटवीत दिसतं म्हटलं की गुरुजी म्हणतात, हवा चांगली आहे.

आणि बाभळ आता डोंगराच्या उजव्या खांद्यावर आहे. गावाला विचारलं तर गाव म्हणतं, ती तिथंच होती. मल्लेशनं फोटो दाखवले, तर गाव फोटोतल्या नवऱ्या ओळखण्यात रमलं.

शेवटी तो पुन्हा ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. या वेळी टोपी स्वतःची होती.

“गुरुजी, तुम्ही झोपलात हे कसं सिद्ध करू?”

गुरुजी गालातल्या गालात हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा, असं शेजारी म्हणतात.

“सरकारी दाखला आण. गोल शिक्क्याचा. मग माझी ना न्हाय.”

तेव्हा मल्लेशनं लोहाऱ्याला जाऊन अर्ज दिला, तो असा:

प्रति, मा. तहसीलदार साहेब, लोहारा.

विषय: मौजे माकणी येथील श्री. सिद्रामप्पा गुरुजी हे वेळा अमावस्येच्या दुपारी झोपलेले होते, असा दाखला मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, सदर इसम झोपले असता गावातील सर्व साक्षीदारही झोपलेले असल्याने मानवी पुरावा उपलब्ध नाही. तथापि त्याच वेळी जलाशयापलीकडील डोंगराने कूस बदलल्याचे अर्जदाराने समक्ष पाहिले असून, बाभळीची पूर्वीची जागा दर्शविणारे नवविवाहित दांपत्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. डोंगराचा काही भाग भज्जीत वापरला गेल्याने तो सादर करता येत नाही, याबद्दल क्षमस्व. तरी मेहेरबान साहेबांनी जागेवर येऊन, शक्यतो जेवणानंतर, सदर डोंगराचा जबाब त्यास न उठवता नोंदवून घ्यावा व दाखला देण्यात यावा, ही नम्र विनंती.